९६.८ पर्सेंटाइलला पुण्यात कॉम्प्युटर मिळेल का?

प्रश्न असा आहे: एमएचटी-सीईटीला पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) गटात ९६.८ पर्सेंटाइल, जेईई मेनला ९१. बारावी लातूरहून. खुला प्रवर्ग, घरचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखाच हवी, शक्यतो पुण्यात. मनात पुण्यातली पीआयसीटी, व्हीआयटी आणि सांगलीचे वालचंद. मिळण्याची शक्यता किती, पर्यायांची यादी कशी भरायची, आणि नाहीच जमले तर वर्षभर ड्रॉप घ्यावा का?

आधी सरळ उत्तर देतो. पुण्यात कॉम्प्युटर किंवा आयटी, तेही बऱ्यापैकी कॉलेजात, तुला मिळेल. तू नावे घेतलेल्या तिन्ही कॉलेजांचे कॉम्प्युटर मात्र खुल्या प्रवर्गातून या गुणांवर मिळणार नाही, असे धरून चाल. पीआयसीटीचे कॉम्प्युटर बरीच वर्षे ९९ च्या वरच बंद होते. पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय त्याच्याही पुढे. वालचंद आणि व्हीआयटी त्या दोघांइतके वर नाहीत, पण तुझ्या आकड्यापेक्षा नक्की वर आहेत. तरीही ही नावे यादीतून काढू नकोस. का ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट, पर्सेंटाइल बघून शक्यता ठरवणे थांबव. मेरिट नंबर बघ. पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या मागे किती टक्के मुले आहेत एवढेच. पुढे किती मुले आहेत हे परीक्षेला किती जण बसले यावर ठरते, आणि हा आकडा अलीकडे फार बदलला. २०२४ मध्ये पीसीएम गटाला तीन लाखांच्या थोडे आत मुले बसली होती. २०२५ मध्ये ती सव्वाचार लाखांच्या आसपास गेली. म्हणजे ९६.८ पर्सेंटाइलच्या पुढे २०२४ मध्ये साधारण साडेनऊ हजार मुले होती आणि २०२५ मध्ये साडेतेरा हजार. पर्सेंटाइल तेच, रांगेत चार हजारांचा फरक. घरी मोठ्या भावाचा किंवा शेजारच्या मुलाचा दाखला देतात ना, ‘त्याला ९६ ला तिथे मिळालं होतं’, तो इथेच फसतो.

याला दुसरी बाजूही आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर चालत्या कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या तुकड्या वाढवल्या. मुले वाढली तशा जागाही वाढल्या, पण सगळीकडे सारख्या नाहीत. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या बाबतीत दोन आकडे शेजारी मांड: गेल्या वर्षी कॅप (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेरीत त्या शाखेत शेवटचा प्रवेश कोणत्या मेरिट नंबरला झाला, आणि यंदा त्या शाखेची प्रवेशक्षमता गेल्या वर्षीपेक्षा वाढली, घटली की तेवढीच आहे. यंदाची तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तुझा नंबर कळेल. सीईटीला बसलेले सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत, त्यामुळे नंबर वरच्या हिशोबापेक्षा थोडा चांगलाच येईल. तोपर्यंतचे सगळे आडाखे कच्चे समज. मोबाइलवरची ‘कॉलेज प्रेडिक्टर’ ॲप बहुतेक गेल्या वर्षीचेच कटऑफ तुझ्यापुढे ठेवतात. तीच यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती स्वतः वाचायला शीक.

ती कशी वाचायची ते नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. प्रत्येक कॉलेजच्या नावाखाली त्याचा दर्जा लिहिलेला असतो (शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित, स्वायत्त) आणि त्याचे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येते ते. त्याखाली जागांचे गट: ‘होम युनिव्हर्सिटीच्या जागा, होम युनिव्हर्सिटीच्या उमेदवारांना’, मग ‘होम युनिव्हर्सिटीबाहेरच्या जागा, बाहेरच्या उमेदवारांना’, कुठे कुठे ‘होम युनिव्हर्सिटीच्या जागा, बाहेरच्या उमेदवारांना’, आणि सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी नुसतेच ‘स्टेट लेव्हल’. प्रत्येक गटात प्रवर्गाचे कोड असतात. सुरुवातीला ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींच्या ३० टक्के आरक्षणातली. मध्ये प्रवर्ग. शेवटचे अक्षर ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. कोडाखाली एक पूर्ण संख्या आणि तिच्याखाली कंसात पर्सेंटाइल. वरची पूर्ण संख्या म्हणजेच मेरिट नंबर, आणि तोच तुझ्या कामाचा.

आता तुझे होम युनिव्हर्सिटी कोणते? ते घरच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी कुठून उत्तीर्ण झालास यावर ठरते. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. म्हणून पुणे विद्यापीठाखालच्या ज्या कॉलेजांत होम आणि बाहेर अशी ७०:३० विभागणी आहे, तिथे तू ३० टक्क्यांतला. तुझ्यासाठी ‘जी ओपन ओ’ हा रकाना, ‘जी ओपन एच’ नाही. पुण्यातल्या मागणीच्या कॉलेजांत राज्यभरातली मुले या ३० टक्क्यांवर येऊन पडतात, त्यामुळे ‘ओ’ चा कटऑफ बहुधा ‘एच’ पेक्षा कडक असतो. लातूरमध्ये अकरावी-बारावी केलेली कितीतरी मुले चुकून ‘एच’ चा रकाना बघून खूश होतात. ‘७०:३० तर रद्द झाले ना’ असेही तुला कुणीतरी सांगेल. २०२० मध्ये रद्द झाला तो वैद्यकीय प्रवेशाचा प्रादेशिक कोटा. इंजिनिअरिंगशी त्याचा संबंध नाही.

याच कारणाने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पुणे-पुणे करताना नांदेडच्या एसजीजीएसकडे पाठ फिरवू नकोस. ती अनुदानित स्वायत्त संस्था आहे, तिथे कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी दोन्ही आहेत, फी खासगी कॉलेजांच्या तुलनेत बरीच कमी. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतही कॉम्प्युटर सायन्स आहे. या तिन्ही ठिकाणी तुझा नंबर सीमेवर पडेल: पहिल्या फेरीत कदाचित नाही, पुढच्या फेऱ्यांत बघण्यासारखा. पुण्यातल्या मधल्या फळीतल्या खासगी कॉलेजात दुप्पट-तिप्पट फी भरून शिकण्यापेक्षा मी स्वतः एसजीजीएस वर ठेवेन. ‘पुण्यात कंपन्या आहेत’ हे खरे, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलाला त्या कंपन्यांचा उपयोग किती होतो हे मी जवळून पाहिले आहे. फार थोडा. चौथ्या वर्षी इंटर्नशिपला पुण्यात येता येतेच.

आता पैशाचा आणि कागदांचा भाग. तुझ्या बाबतीत शक्यता खरोखर हलवणारी गोष्ट हीच आहे.

तू खुल्या प्रवर्गातला आहेस आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. मग ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्र काढले आहेस का? प्रश्नात उल्लेख नाही म्हणून विचारतो. ईडब्ल्यूएससाठी १० टक्के जागा आहेत आणि बऱ्याच कॉलेजांत तो रकाना खुल्यापेक्षा थोडा खाली बंद होतो. सीमेवरच्या नंबरला तेवढा फरक पुरतो. फक्त एक बघ: तुझी जात एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) किंवा अन्य आरक्षणात येत असेल तर ईडब्ल्यूएस लागू होत नाही, मग त्या प्रवर्गाचे कागद काढ. प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्राच्या टेबलावर दर वर्षी हेच दिसते. मुलगा ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र पुढे करतो, त्यावर तहसीलदाराची सही-शिक्का सगळे असते, पण ते केंद्र सरकारच्या नमुन्यातले, जेईईसाठी काढलेले. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना लागतो. मग मुदत संपायला दोन दिवस उरलेले असताना बाप गावाकडे तहसीलला धावतो. तू आजच सेतू केंद्रात जा. नमुना माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, त्याची प्रत हातात घेऊनच जा.

दुसरे, टीएफडब्ल्यूएस. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, प्रवर्ग कोणताही असो, मंजूर क्षमतेच्या पाच टक्के जादा जागा असतात आणि त्यांना शिकवणी शुल्क माफ. साठच्या तुकडीत तीनच जागा, म्हणून त्यांचा कटऑफ त्याच कॉलेजच्या खुल्या कटऑफपेक्षा सहसा वर जातो. लोक इथे दोनदा चुकतात. अर्ज भरताना टीएफडब्ल्यूएससाठी ‘हो’ करायचे राहून जाते. आणि पर्याय भरताना त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला, तो वेगळा भरावा लागतो हे लक्षात येत नाही. नियम सोपा ठेव: जे जे कॉलेज यादीत घालशील त्याचा ‘टी’ वाला कोड नेहमीच्या कोडाच्या लगेच वर टाक. मिळाला तर तेच कॉलेज, तीच शाखा, शिकवणी शुल्क नाही.

टीएफडब्ल्यूएस नाही मिळाले तरी कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करायचा. खुल्या वर्गाला आठ लाखांच्या आत निम्मे शिकवणी शुल्क त्यातून मिळते. (तुझ्या जागी मुलगी असती आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असती, तर २०२४-२५ पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. बहीण मागून येत असेल तर घरी सांगून ठेव.) संस्थास्तरावरच्या म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेला या सवलती नाहीत, हे कुणी ‘सीट करून देतो’ म्हणाले की आधी आठव.

पर्यायांची यादी. इथे पालक आणि मुले दोघेही एका भीतीपोटी स्वतःचे नुकसान करून घेतात: वरची कॉलेजे घातली तर खालचे हातचे जाईल. तसे होत नाही. संगणक मेरिट नंबराच्या क्रमाने एकेक उमेदवार घेतो, त्याच्या यादीत वरून खाली जातो आणि त्याला मिळू शकणारा पहिला पर्याय देतो. वर पीआयसीटी लिहिले आणि ते मिळाले नाही, तर त्याखालच्या पर्यायावरचा तुझा हक्क कणभरही कमी होत नाही. म्हणून यादीचा क्रम आवडीचा. मिळेल की नाही याचा विचार करायचा तो यादी किती लांब ठेवायची आणि तळाशी काय ठेवायचे हे ठरवताना.

२०२५-२६ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या आल्या आणि त्याबरोबर मिळालेली जागा आपोआप फ्रीज (म्हणजे पक्की) होण्याचे नियम बदलले, तेव्हापासून क्रमाला आणखी महत्त्व आले. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यायचा. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तर तोच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे मिळेल ते. फ्रीज झालेली जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. यंदाची माहितीपुस्तिका आली की हे आकडे पुन्हा ताडून बघ, कारण ते बदलले जातात. याचा अर्थ, नक्की मिळणारे कॉलेज ‘सेफ्टी’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकणे हा आत्मघात आहे. पहिल्याच फेरीत ते मिळेल आणि तू तिथेच अडकशील.

तुझी यादी मी अशी लावेन. वरचे सात-आठ पर्याय मनातले: पीआयसीटी, वालचंद, व्हीआयटी, पिंपरी-चिंचवडचे पीसीसीओई, यांचे कॉम्प्युटर, मग यांचेच आयटी. ते मिळणार नाहीत, पण तिथे असल्याने बिघडतही नाही, आणि पहिल्या तीन-सहाच्या कुंपणात तू नको त्या जागी अडकत नाहीस. त्याखाली एसजीजीएस, संभाजीनगर, अमरावती. मग पुण्यातली ती कॉलेजे जिथे तुझी खरी लढत आहे: आकुर्डीचे डी. वाय. पाटील, आळंदीचे एमआयटी, रावेतचे पीसीसीओईआर, कर्वेनगरचे मराठवाडा मित्रमंडळ, एआयएसएसएमएसचे आयओआयटी, पुणे विद्यार्थी गृहाचे कॉलेज. यांचा आपसातला क्रम मी सांगणार नाही, तो तू एकदा जाऊन ठरव. नाशिकचे के. के. वाघ यांच्या बरोबरीने ठेव. तळाशी दहा-बारा अशी, जिथे गेल्या वर्षीचा शेवटचा नंबर तुझ्या नंबराच्या बराच मागे होता. एकूण पन्नास-साठ पर्याय झाले तरी हरकत नाही. यादी छोटी ठेवल्याने कुणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

फेऱ्यांमध्ये कटऑफ खाली येतो का? येतो, कारण जोसाच्या (आयआयटी-एनआयटींच्या केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्यांतून एनआयटी, ट्रिपल आयटी मिळालेली मुले आपल्या जागा सोडतात आणि वरून खाली साखळी सरकते. पण सरकते ते थोडे. ९९ चे कॉलेज ९६.८ ला येत नाही. सीमेवरच्या पर्यायांना मात्र तिसरी-चौथी फेरी खरोखर फळते, म्हणून मधल्या फेरीत मिळालेली जागा स्वीकृती शुल्क भरून बेटरमेंटला ठेव, म्हणजे ती हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघ. लक्षात असू दे, पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही.

जेईईच्या ९१ चे काय? विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय असतात आणि त्या जेईई मेनवर भरतात. महाराष्ट्रातल्या मुलालाही त्या खुल्या आहेत. अर्जात जेईईचा तपशील भर, म्हणजे तुला तोही मेरिट नंबर मिळेल आणि कटऑफच्या वेगळ्या यादीत तो ताडता येईल. मधल्या फळीच्या कॉलेजांत त्याचा उपयोग होऊ शकतो. व्हीएनआयटी किंवा पुणे-नागपूरच्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटरला तो पुरणार नाही.

शाखांच्या नावांनी गोंधळून जाऊ नकोस. एआय-डीएस, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी, कॉम्प्युटर सायन्स अँड डिझाइन: यांचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या साइटवरून उतरवून घे. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, नेटवर्क्स, कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे पाच विषय पूर्ण आहेत का बघ. असतील तर ती शाखा कॉम्प्युटरच समज. एकदोन गाळून त्या जागी चटपटीत नावांचे विषय घातले असतील तर तिच्यापेक्षा साधे आयटी बरे. बहुतेक कंपन्या कॅम्पसला येतात तेव्हा कॉम्प्युटर आणि आयटी यांत फरक करत नाहीत. चांगल्या कॉलेजचे आयटी आणि सुमार कॉलेजचे कॉम्प्युटर यांत मी दर वेळी पहिलेच घ्यायला सांगतो.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा मोठ्या फलकावरचे ‘सर्वोच्च पॅकेज’ वाचू नकोस. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाची चार मुले गाठ आणि तीन गोष्टी विचार: गेल्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स कुणी शिकवले आणि ते शिक्षक अजून आहेत का, लॅबमध्ये प्रत्येकाला स्वतः बसायला मशीन मिळते का, आणि मागच्या बॅचच्या मधल्या मुलाला, पहिल्याला नव्हे, काय मिळाले. एनबीए (अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेचे) मानांकन त्या शाखेला आहे का हेही विचार, कॉलेजला आहे म्हणून भागत नाही.

राहिला ड्रॉप. तुझे स्कोअरकार्ड उघड आणि विषयवार पर्सेंटाइल बघ. सीईटीला २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, प्रत्येक प्रश्नाला दोन, आणि नकारात्मक गुण नाहीत. भौतिक-रसायनला तू ९८ च्या वर आहेस आणि गणितानेच खाली ओढले, तेही आजारपण किंवा वेळेचे गणित चुकल्यामुळे, असे असेल तर पुन्हा बसण्यात काही अर्थ आहे. तिन्ही विषय ९५ ते ९७ च्या पट्ट्यात असतील, तर वर्षभर तेच पुन्हा करून ९९ गाठणारी मुले थोडी. बहुतेक एखाद्या पर्सेंटाइलने पुढे जातात, कधी मागेही, आणि तेवढ्यात बसणाऱ्यांची संख्या पुन्हा वाढलेली असते. तुझ्यासारख्या नंबरला मी प्रवेश घ्यायला सांगेन. स्वायत्त कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलायची सोय बहुधा असते, जागा मोजक्या, पण असते. प्रवेश घेऊन गुपचूप सीईटीची तयारी चालू ठेवायची हा प्रकार मात्र करू नकोस. पहिल्या सत्राचे एम-वन (गणित) आणि सी प्रोग्रामिंग दोन्ही त्यात बुडतात, आणि कॉम्प्युटरच्या मुलाला नेमके तेच दोन विषय पुढची तीन वर्षे लागतात.

विषयवार पर्सेंटाइल, ईडब्ल्यूएसची स्थिती आणि तात्पुरत्या यादीतला मेरिट नंबर एवढे कळव. यादीतल्या खालच्या वीस पर्यायांचा क्रम मग आपण नंबराशी ताडून लावू.